वाजत राहिलेला टाळ
(तरुण मुलांच्या मनाविषयी एक पाठ)

माउलींच्या पालखीबरोबर चालणाऱ्यांना समाज-आरतीचा प्रसंग नव्याने सांगायला नको. तरी जे अद्याप वारीला आले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. दिवसभराची वाट चालून पालखी मुक्कामाच्या तळावर येते. सर्व दिंड्या तिच्याभोवती उभ्या राहतात. टाळमृदंगाचा नुसता कल्लोळ चाललेला असतो. इतक्यात चोपदार आपला दंड उंच करतात आणि क्षणात एवढा मोठा समाज निःशब्द होतो. पण कधी कधी एखाद्या दिंडीचा टाळ तेवढा वाजतच राहतो. नवख्या माणसाला वाटते, काय ही बेशिस्त! जाणता वारकरी मात्र ओळखतो की, त्या दिंडीचे काही गाऱ्हाणे आहे. चोपदार तिच्या अंगावर धावून जात नाहीत. ते तिकडे जातात, काय झाले म्हणून विचारतात, ऐकून घेतात. मग तो टाळ थांबतो.

ही रीत आपण वर्षानुवर्षे पाहतो आणि तिचे कौतुकही करतो. पण वारीहून घरी आल्यावर आपल्याच घरात असा एखादा टाळ वाजत राहिला, तर आपण काय करतो? आज त्याचाच थोडा विचार करायचा आहे. आधी आमचाच अपराध सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे उपदेशाचे वाटणार नाही.

काही वर्षांमागे आमच्या दिंडीत सोळा वर्षांचा एक मुलगा आपल्या मावशीबरोबर आला होता. चालताना सगळ्यांच्या मागे राही. कोणी भजनाला ये म्हटले तर तोंड फिरवी. रात्री झोपत नसे आणि पहाटे उठवले की खेकसून अंगावर येई. जेजुरीच्या मुक्कामी पंगतीत एकाने थट्टेने काही म्हटले, तशी त्याने समोरची पत्रावळ उधळून दिली. अन्नाचा अपमान झालेला पाहून आमचा तोल सुटला. चार माणसांत आम्ही म्हणालो, “हेच शिकवलं का रे तुला बापानं?” पोरगं एक शब्द बोललं नाही, उठून गेलं. मग मावशीने हलक्या आवाजात सांगितले, “महाराज, त्याचा बाप वैशाखात गेला.”

त्या संध्याकाळी समाज-आरतीला एका दिंडीचा टाळ वाजत राहिला. चोपदार तिकडे चालत गेले. ते पाहताना आमची मान खाली गेली. इतके दिवस एक पोर आपल्यापुढे टाळ वाजवत होते, आणि गाऱ्हाणे विचारायचे सोडून आम्ही त्याला झोडपायला निघालो होतो!

आता मूळ विषयाकडे वळू. भावना म्हणजे क्षणभराची लाट, आली आणि गेली, असे आपण समजतो. तसे नाही. जो अनुभव मनाला खोल लागतो, तो शरीरातही उतरतो. भय वाटले की छाती धडधडते, श्वास भरभर चालतो, अंगात कॉर्टिसॉलसारखे रस वाढतात. वाघ समोर आला तर पळून जाता यावे म्हणून देवाने केलेली ही सोय आहे. वाघ गेला की शरीर पुन्हा स्वस्थ व्हावे, हा नियम. पण ज्या घरात रोज भांडण आहे, दारू आहे, मारहाण आहे, किंवा जेथे कर्त्या माणसाच्या मृत्यूने छप्पर उडाले आहे, तेथल्या मुलाच्या दृष्टीने वाघ जातच नाही. त्याचे शरीर रात्रंदिवस पहाऱ्यावर राहते. मग झोप उडते, अन्नावर वासना राहत नाही, अभ्यासात चित्त ठरत नाही आणि साधा शब्दही घाव वाटतो. आपण म्हणतो, पोरगं तिरसट झालं. ते जखमी झालेले असते.

त्यात वयाचाही भाग आहे. मेंदूतील भावना उसळवणारे भाग तारुण्याच्या उंबरठ्यावर फार तल्लख होतात, आणि सारासार विचार करून लगाम खेचणारा, कपाळामागचा भाग पूर्ण पक्व व्हायला विशीचा मध्य उजाडतो. बैल जोरकस आणि कासरा अजून कोवळा, अशी ती अवस्था. म्हणून याच वयात अपमान जास्त झोंबतो, प्रेम जास्त भिनते, आणि परीक्षेतले अपयश म्हणजे जगाचा शेत वाटावा असा शेवट वाटतो.

हे घाव वयाबरोबर आपोआप बुजतात, असेही नाही. अमेरिकेत १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ९,५०० हून अधिक प्रौढ माणसांना त्यांच्या लहानपणातील मारहाण, अवहेलना, घरातील व्यसन अशा गोष्टी विचारल्या होत्या. असे अनुभव जितके अधिक, तितके पुढील आयुष्यात व्यसन, खिन्नता, इतकेच काय हृदयाचे विकारही अधिक, असे त्यात आढळले. पोरवयात मनाला बसलेला मार पन्नाशीत छातीतून बाहेर येऊ शकतो, हे ऐकून कोणाही आईबापाने सावध व्हावे.

पण याची दुसरी बाजू फार आशेची आहे. हवाई बेटांपैकी कवाई नावाच्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर नावाच्या विदुषीने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस वर्षांपर्यंत घेतला. त्यांतली सुमारे एक तृतीयांश मुले दारिद्र्य, कलह, आईबापांचे आजार अशा अनेक संकटांत वाढलेली होती. या संकटग्रस्तांपैकी बऱ्याच जणांना पुढे अडचणी आल्याच. पण त्यांच्यातील सुमारे तिसरा हिस्सा मात्र कर्तबगार आणि प्रेमळ माणसे म्हणून उभा राहिला. असे कशाने घडले? कारणे अनेक होती, पण एक गोष्ट ठळक दिसली. अशा मुलांना निदान एक तरी भरवशाचे वडीलधारे माणूस लाभले होते. कोणाला आजी, कोणाला मावशी, कोणाला शिक्षक, तर कोणाला शेजारी. सारा गाव बदलावा लागला नाही. एक माणूस पुरला.

वारकऱ्याला हे ऐकून मुक्ताबाईंची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. शके ११९७ हा ज्ञानोबारायांचा आणि शके १२०१ हा मुक्ताबाईंचा जन्मकाळ मानला जातो. म्हणजे बहीण चार वर्षांनी धाकटी. आईबाप गेलेले, संन्याशाची पोरे म्हणून लोकांनी वाळीत टाकलेले. परंपरा सांगते की, एकदा लोकांच्या कठोर बोलण्याने ज्ञानोबाराय व्यथित झाले आणि झोपडीची ताटी लावून आत बसले. एवढा ज्ञानियांचा राजा, पण कोवळ्या वयात अपमान त्यालाही लागला! यात कमीपणा नाही. उलट, आपल्या मुलाने दार लावले तर तो वाया गेला असे म्हणण्याआधी आपण शंभरदा थांबावे, हा यातला बोध आहे.

मुक्ताबाईंनी काय केले तेही पाहावे. त्यांनी ताटी मोडली नाही, शेजारपाजार गोळा केला नाही, आणि कंटाळून निघूनही गेल्या नाहीत. त्या दाराशी थांबल्या, पुन्हा पुन्हा विनवीत राहिल्या, आणि भाऊ मुळात कोण आहे याची त्याला आठवण देत राहिल्या. तो चिडला यावरून त्यांनी त्याला चिडका ठरवले नाही. ताटीचे अभंग आपण गातो. पण ते दाराबाहेर उभे राहून म्हणायचे आहेत, हे विसरतो.

तुकोबारायांचेही तसेच. १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात त्यांची पहिली पत्नी गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला. त्यानंतर ते डोंगरावर एकांतात जाऊ लागले. दुःखाला वेळ द्यावा लागतो. “झालं ते झालं, आता हस” असे म्हणून ते जात नाही.

येथे काही शंका निघतात.

शंका: आम्हीही मार खाल्ला, शिव्या खाल्ल्या, आमचे काय वाईट झाले?
समाधान: जे तरले ते हे सांगायला उरले, जे बुडाले ते कोठे सांगणार? शिवाय आपण तरलो ते माराने, की मार खाऊन आल्यावर आजीने पाठीवरून हात फिरवला म्हणून, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलाला मारणे आणि मानसिक छळ करणे या दोहोंना बंदी केली आहे. पाठांतरासाठी घरापासून दूर ठेवलेल्या मुलाच्या बाबतीत तर ही जबाबदारी दुप्पट आहे. पखवाजाला थाप हवी. पखवाज शिकणाऱ्याला नको.

शंका: मग पोरांना शिस्तच लावू नये काय?
समाधान: चोपदारांच्या दंडाने लाखोंचा समाज शांत होतो, ती शिस्त नव्हे तर काय? पण तो दंड उंच करण्यासाठी आहे, मारण्यासाठी नाही. पत्रावळ उधळली हे चूकच, आणि तसे सांगावे, मात्र एकांतात सांगावे, राग निवल्यावर सांगावे, आणि आधी “काय झालं बाळा?” हे विचारावे.

शंका: ज्या घरात नामस्मरण आहे तेथे मनाचा आजार कसा येईल?
समाधान: ज्या घरात नाम आहे तेथे ताप येत नाही काय? ताप आला तर आपण विठ्ठलाचे नाव घेतो आणि वैद्याकडेही जातो. मनाचेही तसेच. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांनी स्वतःचे जीवन संपवल्याची सरकारी नोंद आहे आणि त्यात सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा आहे. ही घरे काय सगळी नास्तिकांची होती?

म्हणून काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि जेवण बिघडणे, मित्र तोडणे, आवडीची गोष्ट टाकून देणे, अंगावर जखमा करून घेणे, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकणे, “मी नसतो तर बरं झालं असतं” असे बोलणे. असे दिसले तर सरळ आणि मायेने विचारावे, “जीव द्यावासा वाटतो का रे?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे, विचारल्याने मनावरचे ओझे हलके होते. उत्तर होय आले तर त्याला एकटे सोडू नये, विषारी औषधे हाताशी ठेवू नयेत आणि डॉक्टरांकडे न्यावे. सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलि-मानस’ नावाची दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. ती मोफत आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. हा आकडा देवघराच्या भिंतीवर लिहून ठेवला तर देव रागावणार नाही.

मुलांनो, हे मासिक तुमच्याही हाती पडत असेल. मनात टाळ वाजत असेल तर तो दाबू नका. घरात कोणी ऐकत नसेल तर दुसरे माणूस शोधा. मामा, मास्तर, दिंडीतील एखादी आजी, कोणीही. पहिल्याने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा. गाऱ्हाणे सांगणे ही बेअदबी नाही. आपल्या संप्रदायाने त्याला पालखीच्या समोर जागा दिली आहे.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. आम्ही नुसते त्याच्या बरोबरीने मागे मागे चाललो. पाण्याची कळशी एकदा त्याने घेतली, एकदा आम्ही. तरडगावच्या पुढे तो आपण होऊन वडिलांविषयी बोलू लागला आणि फलटण येईपर्यंत बोलत होता. वारी संपली म्हणून त्याचे दुःख संपले नाही. पुढच्या वर्षी तो आला नाही; मावशीने सांगितले की तो डॉक्टरांकडे जातो, औषध घेतो आणि पुन्हा शाळेत जाऊ लागला आहे. आम्हाला तेवढे पुरे.

येत्या एकादशीला कीर्तनाहून घरी जाल तेव्हा एक करा. घरातले कोणते पोर अलीकडे फार बोलते किंवा अगदीच बोलत नाही, ते पाहा. त्याच्याजवळ जाऊन बसा. काही शिकवू नका. फक्त विचारा, आणि टाळ थांबेपर्यंत ऐका.

रामकृष्णहरि.