लकव्यानंतरचा ठसका : तपासणीला खर्च किती?

लकव्याचा माणूस दवाखान्यातून घरी आला की सगळ्यांचं लक्ष हातापायांकडे जातं. चहा पिताना लागणारा ठसका, जेवणानंतर ओलसर होणारा आवाज, गालात तसाच राहिलेला घास हे सगळं ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सोडून दिलं जातं. लकव्यानंतर सुरुवातीला सुमारे निम्म्या रुग्णांना गिळायला त्रास होतो. अनेकांचा तो काही आठवड्यांत कमी होतो. ज्यांचा राहतो, त्यांचं अन्नपाणी श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

पहिल्या तपासणीला पैसे लागत नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारांपर्यंत सगळं मोफत आहे. कनेरगाव नाक्यासारख्या गावातल्या कुटुंबाने आधी जवळचं उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं आणि ‘बीपी बघा’ एवढंच न म्हणता ‘गिळण्याची तपासणी करा’ असं स्पष्ट सांगावं. रुग्ण पूर्ण जागा आहे का, ताठ बसतो का, त्याला मुद्दाम खोकता येतं का, हे आधी बघतात. मग चमच्याचमच्याने पाणी देतात. ते नीट उतरलं तरच पेल्यातून. ठसका लागला, आवाज बदलला किंवा दम लागला की तिथेच थांबायचं. हा प्रयोग घरी करू नका. काहींच्या श्वासनलिकेत पाणी जातं आणि खोकलाही येत नाही. त्यामुळे पाण्याची तपासणी ठीक आली, तरी वरचेवर ताप येत असेल किंवा वजन घटत असेल तर पुढच्या तपासणीची चिठ्ठी मागा.

रुग्णाला हलवता येत नसेल तर आशाताईंमार्फत केंद्राला निरोप द्या. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांचा सल्लाही मोफत मिळतो.

खर्च सुरू होतो तो पुढच्या तपासणीत. नाकातून दुर्बीण घालून गिळणं बघणं किंवा क्ष-किरणांखाली बघणं खासगीत हजारांत जातं. वाचा-उपचारतज्ज्ञाची एक बैठक शेकड्यांत. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग आहे, पण वैद्यकीय महाविद्यालयांना वरचा मोफतचा निर्णय लागू नाही. तिथे सरकारी दराने शुल्क पडतं. ही तपासणी होते का आणि कोणत्या वारी, हे फोनवर विचारूनच निघा. गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी हाही खर्चच आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण असलं तरी ते मुख्यतः भरती रुग्णासाठी आहे. भरती होतानाच रेशनकार्ड घेऊन योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा.

पेय घट्ट करणारी महागडी पावडर कुणी सांगितली म्हणून घेऊ नका. किती घट्ट हवं ते तपासणीनंतरच ठरतं, आणि पुष्कळदा घरची पेज पुरते. दोन वेळा दात-जीभ स्वच्छ करणं मात्र आजपासून सुरू करा. तोंडातले जंतू फुप्फुसात गेल्याने न्यूमोनिया बळावतो, आणि तो धोका कमी करण्याचा उपाय एका ब्रशच्या किमतीत होतो.

नव्याने तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला, तर पाणीसुद्धा पाजू नका, लगेच १०८ ला फोन करा. गाडी मोफत येते. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं.