आवडता ब्रँड आणि सामाजिक कार्य

प्रश्न : आवडत्या ब्रँडने सामाजिक कार्य हाती घेतले, तर ग्राहकही त्याला पाठिंबा देतात का?
– एक वाचक, संग्रामपूर (जि. बुलढाणा)

उत्तर : विक्रीतील काही वाटा समाजकार्याला देण्याच्या पद्धतीस ‘कार्यसंलग्न विपणन’ म्हणतात, त्यात ब्रँडविषयीचा जिव्हाळा कार्याकडे वळतो खरा, परंतु दोहोंचा मेळ, म्हणजेच ‘सुसंगती’, पटली तरच तो टिकतो. १९५९ मध्ये गिरगावात ७ जणींनी ८० रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेल्या लिज्जत पापडाबाबत हा मेळ आपसूक जुळतो, कारण पापड लाटणाऱ्या स्त्रियाच संस्थेच्या सहमालक असल्याने पुडा विकत घेणे हाच त्यांच्या स्वावलंबनाला हातभार ठरतो. उलट, संग्रामपूरसारख्या खारपाणपट्ट्यात एखाद्या शीतपेय कंपनीने गोड्या पाण्याची मोहीम मांडली, तर तिने स्वतः उपसलेल्या पाण्याचा हिशेब आधी विचारला जाण्याची शक्यता असते, आणि संशय शिरला की ब्रँडवरची मायाही आटते.