पित्ताशयाच्या ऑपरेशननंतरचा गुरुवार

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

पित्ताशयातल्या खड्यांसाठी दुर्बिणीचं ऑपरेशन आता पुष्कळ घरांत होतं. माणूस एक-दोन दिवसांत घरी येतो आणि आपल्या परिवारात लगेच प्रश्न उभा राहतो, गुरुवारचं काय? "इतकी वर्षं मोडला नाही, आता कसा मोडू?" असं आई म्हणते आणि पुढे कोणी बोलत नाही. आजचा पाठ त्या घरासाठी.

आधी पोटात काय बदललं ते पाहू. पित्त तयार होतं यकृतात. पित्ताशय ही नुसती साठवणीची पिशवी. तेलातुपाचं जेवण आलं की ती आकसून पित्त आतड्यात सोडते. पिशवी काढल्यावर पित्त थोडं थोडं सतत झिरपत राहतं. त्यामुळे एकदम तुपकट जेवलं तर काहींचं पोट फुगतं, जुलाब होतात. बहुतेकांचं काही आठवड्यांत जमून जातं. तोवर थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा खावं. पेज (गोव्याकडची उकड्या तांदळाची उत्तम), मऊ भात, मुगाचं वरण, दुधी, ताक. तूप वर्ज्य नाही, चमचाभर पुरे. इंदूरकरांनी शेवेचा डबा जरा उंच फळीवर ठेवावा.

आता उपवास पाहा. दिवसभर पोट रिकामं, मग तुपातली, दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी. म्हणजे नको तेच सगळं एका ताटात! शिवाय जखम भरायला प्रथिनं लागतात. 100 ग्रॅम साबुदाण्यात ती अर्धा ग्रॅमसुद्धा नसतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी साखर एकदम उतरू शकते, ते तर जिवावर बेतणारं.

आजारी माणसाला उपवासातून मोकळीक शास्त्रानंच दिली आहे. तरी आईचं मन मानत नसेल, तर तिचा गुरुवार मुलानं किंवा सुनेनं धरावा. आईनं वरणभाताचा नैवेद्य दाखवून तोच प्रसाद घ्यावा, बसल्या जागी जप करावा. भेटायला येणाऱ्यांचा पेढा कणभरच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर घरगुती काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

ताप, वाढती पोटदुखी, सतत उलट्या किंवा डोळे पिवळे दिसले तर पथ्यात वेळ न घालवता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उपवास पुन्हा कधी सुरू करायचा, हे तपासणीला जाल तेव्हा विचारून घ्या. आईलाही आत सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांचं उत्तर ती स्वतः ऐकेल.