गळा आणि करारपत्र : जमैकातील रेगे गायकांच्या जीवनाचा एक अभ्यास

स्मरणिकेत आपल्या शाळेच्या आठवणी असाव्यात, ही वाचकांची अपेक्षा रास्तच आहे. तथापि आम्ही इतिहासाचे शिक्षक. म्हणून एका दूरच्या निवासी शाळेची हकिकत येथे मांडण्याची मुभा घेत आहोत. त्या शाळेतील मुले अनाथ होती, गरीब होती. पण त्यांच्यापैकी काहींचा आवाज पुढे साऱ्या जगाने ऐकला. त्या आवाजाचे मोल मात्र त्यांच्या पदरात किती पडले, हा या लेखाचा विषय आहे.

जमैका हे कॅरिबियन समुद्रातील एक लहान बेट. तेथील बहुसंख्य लोक आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज आहेत. १८३८ साली गुलामगिरीतून त्यांची पूर्ण सुटका झाली. देश मात्र ६ ऑगस्ट १९६२ रोजी ब्रिटिशांच्या अमलातून स्वतंत्र झाला. राजधानी किंग्स्टन येथे १८८० साली स्थापन झालेल्या एका अनाथाश्रमातून ‘अल्फा बॉइज स्कूल’ ही शाळा उभी राहिली. १८९० पासून ती कॅथलिक नन्स चालवीत. तेथे मुलांना छपाई, शिवणकाम, चांभारकाम, बागकाम असे हातचे हुन्नर शिकवीत आणि त्याबरोबर बँडवादनही. सिस्टर मेरी इग्नेशियस डेव्हिस यांनी या शाळेत साठ वर्षांहून अधिक काळ सेवा केली. त्यांनी तबकड्यांचा मोठा संग्रह जमविला व तो मुलांना मनसोक्त ऐकविला. ट्रॉम्बोनवादक डॉन ड्रमंड व सॅक्सोफोनवादक टॉमी मॅकुक याच शाळेचे. ओवेन ग्रे, डेस्मंड डेकर, लेरॉय स्मार्ट आणि यलोमॅन हे गायकही येथलेच विद्यार्थी.

शाळेबाहेर पडलेल्या तरुणाला गायक होण्याचा मार्ग कसा सापडे? १९५० च्या दशकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतून मोठमोठे स्पीकर व तबकड्या घेऊन मोकळ्या आवारात नाच भरवीत. या व्यवस्थेला ‘साउंड सिस्टिम’ म्हणत. नाचाची जागा म्हणजे ‘डान्सहॉल’. त्यावरूनच पुढे एका गायनप्रकाराला नाव पडले. तबकडी लावणारा तो ‘सिलेक्टर’ आणि वाजणाऱ्या वाद्यसंगीतावर तालात बोलणारा, गाणारा तो ‘डीजे’. आपल्याकडे गाणी वाजविणाऱ्यास डीजे म्हणतात. जमैकात तो स्वतः गायक असतो, हा फरक विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा.

साउंड सिस्टिमचे मालकच पुढे ध्वनिमुद्रणाचे निर्माते झाले. क्लेमेंट डॉड यांच्या ‘स्टुडिओ वन’मध्ये रविवारी नवोदितांची परीक्षा होई व दाराशी तरुणांची रांग लागे. निवड झालेल्यास बहुधा गाण्यामागे एकरकमी पैसे मिळत. तबकडी कितीही खपली तरी त्याचा वाटा तेथेच संपे. एकाच तालावर, ज्यास तेथे ‘रिद्दिम’ म्हणतात, अनेक गायकांची निरनिराळी गीते मुद्रित होत. त्यामुळे कशावर कोणाचा हक्क, हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होई. कायद्याचा आधारही तोकडा होता. १९९३ चा कायदा येईपर्यंत जमैकात १९११ च्या ब्रिटिश कायद्याचाच अंमल होता आणि त्यात गायकाच्या सादरीकरणास स्वतंत्र हक्क नव्हता.

या पार्श्वभूमीवर तीन जीवनचरित्रे पाहू.

पहिले डेस्मंड डेकर यांचे. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. शाळा सुटल्यावर ते वेल्डिंगच्या कारखान्यात लागले. बॉब मार्ली हा तरुणही तेव्हा तेच काम करीत होता. सोबत्यांच्या आग्रहावरून डेकर ध्वनिमुद्रणासाठी गेले. दोन ठिकाणी नकार मिळाल्यावर १९६१ साली लेस्ली काँग या निर्मात्याने त्यांना पसंत केले. पण पहिली तबकडी निघण्यास १९६३ साल उजाडले. मधल्या काळात त्यांनी मार्लीची काँग यांच्याशी गाठ घालून दिली व मार्लीचे पहिले गीत १९६२ साली निघाले. स्वतःला संधी मिळण्यापूर्वी दुसऱ्यासाठी शब्द टाकणारा हा माणूस होता. १९६९ च्या एप्रिलमध्ये डेकर यांचे ‘इझरेलाइट्स’ हे गीत ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या स्थानी पोहोचले. कष्ट करूनही पोट न भरणाऱ्या माणसाचे ते गाऱ्हाणे होते. पुढे १९८४ साली याच गायकास ब्रिटिश न्यायालयाने दिवाळखोर घोषित केले. त्यानंतरही ते गात राहिले. २००६ साली त्यांचे निधन झाले.

दुसरे विन्स्टन फॉस्टर यांचे. जन्मतःच त्वचेत व केसांत रंगद्रव्य नसल्याने त्यांना तान्हेपणीच टाकून देण्यात आले. अनाथालय व अल्फा शाळा हेच त्यांचे घर. रंगावरून होणारी कुचेष्टा त्यांनी पुसून टाकली नाही, तर ‘यलोमॅन’, म्हणजे पिवळा माणूस, हेच नाव धारण केले. ज्या शब्दाने हिणवले गेले तोच त्यांनी व्यासपीठावर अभिमानाने उच्चारला. १९८० च्या दशकाच्या आरंभी ते डान्सहॉलचे सर्वांत लोकप्रिय डीजे झाले. १९८४ साली अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीने त्यांचा अल्बम काढला. जबड्याच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेने त्यांचा चेहरा बदलला, तरी गाणे थांबले नाही. त्यांच्या आरंभीच्या अनेक गीतांत अश्लीलता होती, हे सांगणे इतिहासाच्या शिक्षकाचे कर्तव्य आहे. पुढे त्यांची गीते सामाजिक आशयाकडे वळली.

तिसरे चरित्र एका स्त्रीचे. सिस्टर नॅन्सी या अल्फा शाळेच्या नव्हेत. पंधरा भावंडांच्या घरात वाढलेल्या या मुलीने पुरुषांची मक्तेदारी असलेल्या डान्सहॉलमध्ये किशोरवयातच पाऊल टाकले. १९८२ साली त्यांच्या अल्बममध्ये ‘बॅम बॅम’ हे गीत आले. ते चित्रपटांत वाजले आणि अनेक कलावंतांनी आपल्या गीतांत त्याचे अंश वापरले. इकडे नॅन्सी अमेरिकेत न्यू जर्सी येथे बँकेत हिशेबाची नोकरी करीत होत्या. तीस वर्षांहून अधिक काळ त्या गीताचा एक पैसाही त्यांना मिळाला नाही. २०१४ साली दूरचित्रवाणीवर एका बुटाच्या जाहिरातीत स्वतःचाच आवाज ऐकून त्यांनी कायद्याची वाट धरली, तेव्हा कोठे हक्काचा काही हिस्सा पदरी पडला.

२०१८ साली युनेस्कोने रेगे संगीतास मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिले. गाण्याचा असा गौरव झाला. परंतु ज्यांच्या गळ्यातून ते निघाले, त्यांच्यापैकी अनेकांची उमेदीची वर्षे आपलेच पैसे मागण्यात गेली. या चरित्रांकडे पाहताना आम्हांस असे दिसते, की शाळेने हुन्नर दिला, सुरांची ओळख दिली. पण बाहेरच्या बाजारात कोणत्या कागदावर सही करावी आणि कोणत्या कागदावर करू नये, हे या मुलांना ठेचा खाऊनच शिकावे लागले.

हा दोष इतरांना देण्यापूर्वी आम्ही स्वतःकडेही पाहिले पाहिजे. स्नेहसंमेलनात गोड गाणाऱ्या विद्यार्थ्याच्या गळ्यात हार घालून आम्ही टाळ्या वाजविल्या; त्याला करारपत्र वाचावयास मात्र कधी शिकविले नाही. आज आमच्या माजी विद्यार्थ्यांत गायक आहेत, वादक आहेत, गीतकार आहेत. भारतात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्यांचे हक्क मान्य झाले आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीस संरक्षण मिळाले, हे त्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल?

म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती अशी, की घरातील मुलगा वा मुलगी गात असेल तर तिला जरूर गाऊ द्या. गीत कोणी लिहिले, चाल कोणी लावली, कोणत्या दिवशी मुद्रण झाले, याची वहीत नोंद ठेवावयास सांगा. सही करण्यापूर्वी कागद मोठ्याने वाचून घ्या, न समजलेला शब्द विचारा आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा. अक्षरओळख आम्ही देतोच. तिचा उपयोग स्वतःच्या घामाचे मोल राखण्यासाठी व्हावा, एवढाच या धड्याचा सारांश आहे.