व्यायामाचं शास्त्र शिकायचं, पण पाया कोणता?

'मला स्पोर्ट्समध्ये करायचंय' असं बारावीतल्या मुलीने म्हटलं, की मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरच्या घरात दोनच चित्रं उभी राहतात: शाळेतली पीटीची शिट्टी नाहीतर जिमचा ट्रेनर. व्यायामविज्ञान याहून पुष्कळ मोठं आहे. धावपटू ट्रेडमिलवर पळतो, तोंडावर मास्क असतो, प्रत्येक श्वासातला ऑक्सिजन मोजला जातो, मधूनच कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घेऊन त्यातलं लॅक्टेट तपासलं जातं. त्या आकड्यांवरून उद्याचा सराव किती आणि कसा, हे ठरवणारा तो एक्झरसाइज फिजिओलॉजिस्ट. कबड्डीपटूचा गुडघा उडी घेऊन उतरताना कसा वळतो, हे चित्रफितीवर मोजणारा बायोमेकॅनिक्सवाला. संत्र्यांचे क्रेट दिवसभर उचलणाऱ्या मजुराची कंबर का जाते, हाही याच शास्त्राचा प्रश्न.

माझं म्हणणं एवढंच, की हा विषय पदव्युत्तर पातळीवर जरूर घ्यावा, पण त्याच्याखाली स्वतःच्या बळावर उभी राहणारी पहिली पदवी हवी. ऑस्ट्रेलियात मान्यताप्राप्त एक्झरसाइज फिजिओलॉजिस्टकडे रुग्ण डॉक्टरांच्या चिठ्ठीने जातो आणि खर्चाचा काही भाग सरकारी योजना उचलते. आपल्याकडे त्या नावाची अशी रुळलेली वाट अजून नाही. गरज मात्र डोळ्यांसमोर आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या मधुमेहींची संख्या १० कोटींवर निघाली, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. गरज असली म्हणून पगार लगेच सुरू होत नाही, म्हणूनच पायाचा आग्रह.

पायाच्या वाटा तीन. फिजिओथेरपी केली तर पुढे एमपीटीत, म्हणजे त्यातल्याच पदव्युत्तर पदवीत, क्रीडा हा विषय घेता येतो, आणि खेळाडू मिळाले नाहीत तरी गुडघेदुखीचे रुग्ण असतातच. २०२१ च्या कायद्याने या व्यवसायाला राष्ट्रीय आयोगाची चौकटही दिली आहे. पदवीनंतरचं बीपीएड-एमपीएड ही शिक्षकीची वाट, नेट दिली तर प्राध्यापकीची. बीएस्सी करून एक्झरसाइज फिजिओलॉजीकडे वळणं ही संशोधनाची वाट. तिथे पात्रता संस्थेगणिक बदलते, म्हणून पहिल्या वर्षातच ती वाचून ठेवावी. संस्थांचं म्हणाल, तर ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था १९५७ ची, १९९५ पासून अभिमत विद्यापीठ; आपल्याच राज्यात, आणि पांढुर्णा ज्या दिल्ली-चेन्नई लोहमार्गावर आहे त्याच मार्गावर. मराठी वातावरण हवं असेल तर अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, १९१४ पासूनचं. त्याचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं होतं.

'नागपूर तर दोन तासांवर, तिथेच प्रवेश घेऊ' हे पालकांचं म्हणणं सोयीचं आहे, पण अपुरं. दवाखान्यासाठी आणि बाजारासाठी नागपूर आपलं असलं तरी प्रवेशाच्या रांगेत आपण मध्य प्रदेशाचे. महाराष्ट्रात फिजिओथेरपीचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो आणि राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी-बारावी कुठून झाली हेही पाहिलं जातं. त्यामुळे दोन्ही राज्यांचे नियम शेजारी ठेवून फीचा हिशोब करावा. 'आमचा मुलगा खेळाडू नाही' ही शंका बीपीएडपुरती खरी, तिथे शारीरिक क्षमतेची चाचणी असते. प्रयोगशाळेला पदकं लागत नाहीत, शरीरक्रियाशास्त्र आणि संख्याशास्त्र लागतं. भाषेची अडचण जास्त खरी आहे. घरी मराठी, बऱ्याचदा शाळेत हिंदी आणि पदव्युत्तर पुस्तकं इंग्रजीत, तेव्हा रोज एक पान इंग्रजी वाचण्याची सवय अकरावीपासूनच लावावी लागते. आणि त्याच अकरावीत 'खेळातच जायचंय ना' म्हणून जीवशास्त्र सोडलं, तर फिजिओथेरपीचं दार तिथेच बंद होतं.