उच्च दाबाच्या विद्युत्‌वाहिन्यांचे रोधक : जुना माल आणि नवा माल

उधना-जळगाव लोहमार्ग आमच्या डिंडोलीच्या शेजारून जातो. त्यावरील 25,000 व्होल्टची तार आणि खांब यांच्यामध्ये चकत्याचकत्यांचा एक तुकडा बसविलेला असतो. त्यास विद्युत्‌रोधक म्हणतात. मोठ्या मनोऱ्यांवर अशाच चकत्यांच्या लांब माळा लोंबताना दिसतात. 220 किलोव्होल्टच्या वाहिनीस साधारणतः 13-14 चकत्यांची माळ लागते.

1915 साली टाटांच्या खोपोली केंद्रातून मुंबईस वीज येऊ लागली. त्या काळी दूरच्या वाहिन्यांचा भार चिनी मातीवरच असे. हा माल टिकाऊ खरा, परंतु वजनदार. आणि आतील तडा बाहेरून दिसत नाही. पुढे कठीण केलेली काच आली. तिची चकती बिघडली की चुरा होऊन गळून पडते, त्यामुळे दोष जमिनीवरूनच ओळखता येतो.

खरा शत्रू मात्र निराळाच आहे. आम्ही धान्याचे व्यापारी जाणतो की, वखारीतील कोरडी धूळ फारसे नुकसान करीत नाही. ओल शिरली म्हणजे पोते आतून तापू लागते. रोधकाचेही तसेच आहे. कोरडा मळ निरुपद्रवी. पण समुद्राकडील खारा वारा किंवा कारखान्यांचा धूर यांचा थर बसून त्यावर दव पडले की वीज त्या ओल्या थरावरून वाहू लागते, ठिणगी उडते आणि वाहिनी बंद पडते. 2010 च्या जानेवारीत उत्तर भारतात दाट धुक्यामुळे असेच घडले. चंद्रपूर-पडघे ही 752 किलोमीटरची वाहिनी 1999 पासून एकदिश प्रवाह वाहून नेते. अशा प्रवाहाकडे धूळ अधिकच ओढली जाते.

यावर उपाय म्हणून सिलिकोन रबराचे रोधक आले. आत काचतंतूंचा दांडा, बाहेर रबराच्या चकत्या. अळूच्या पानावरून ओघळावे तसे पाणी त्यावर थेंबाथेंबाने ओघळते. सलग थर होत नाही. वजन चिनी मातीच्या सुमारे दशांश. मग जुना माल टाकूनच का देऊ नये? कारण रबर उन्हाने व ठिणग्यांनी जिरते, आणि फटीतून ओल दांड्यापर्यंत पोहोचली तर दांडा अकस्मात तुटू शकतो. म्हणून जेथे धूळ व धुके, तेथे रबर. जेथे हवा स्वच्छ, तेथे काच किंवा चिनी माती, हाच शहाणा सौदा. जुन्या रोधकांवर सिलिकोनचा लेप देण्याचा मध्यममार्गही आहे.

एक गोष्ट मात्र घरोघरी सांगावयास हवी. रोधक मनोऱ्याला तारेपासून वाचवितो, माणसाला नव्हे. मनोऱ्यांवरील तार उघडीच असते; तिच्याभोवतीची हवा हेच तिचे आवरण. ते अंतर कमी झाले तर स्पर्श न होताही वीज झेप घेते. वाहिनीखाली गोदामाचा मजला चढविताना चार पोत्यांची जागा वाढेल, पण जीव गहाण पडेल. संक्रांतीस तारेत अडकलेला पतंग मुलांनी काठीने काढू नये. ओला किंवा धातुमिश्रित मांजा वीज थेट हातात आणतो. मांज्याने पक्षीही चिरले जातात. जीवदया हा आपला कुलधर्म. तो गच्चीवरूनच पाळण्यास आरंभ करावा, एवढीच सभासद बंधुभगिनींस आमची विनंती आहे.