पुढे रस्ता नाही: कपिलधारच्या आसपासची सायकल भटकंती

सायकलसाठी शांत रस्ता शोधायला बसलं की नजर आधी झाडीकडे जाते. नकाशावर हिरवा पट्टा दिसला, त्यातून एक वळणावळणाची रेघ गेलेली दिसली, की बेत ठरतो. पण हिरवाई आणि शांतता यांची सांगड बहुतेक वेळा बसत नाही. ताम्हिणी, माळशेज, वरंध या घाटांत झाडीची कमतरता नाही, तरी पावसाळ्यातल्या रविवारी तिथे सायकलवाल्याला श्वास घ्यायला जागा मिळत नाही. कारण हे रस्ते घाटमाथा आणि कोकण जोडतात. झाडी असो वा नसो, गाड्या त्यावरूनच जाणार. रस्त्यावर वर्दळ किती असेल हे त्याच्या दोन्ही अंगांना काय आहे यापेक्षा तो पुढे कुठे निघतो यावर जास्त अवलंबून असतं. म्हणून सायकलसाठी मला आडवाटेचा, एखाद्या वाडीत किंवा दरीत जाऊन संपणारा रस्ता सर्वांत भरवशाचा वाटतो. बीडजवळचं कपिलधार हे याचं चांगलं उदाहरण आहे, आणि कपिलधारचा हिशेब एकदा समजला की सबंध बालाघाटात असे रस्ते शोधता येतात.

आधी भूगोल, कारण सगळं त्यावरच उभं आहे. बालाघाट म्हणजे सह्याद्रीसारखी सुळक्यांची रांग नव्हे. ते एक लांबलचक पठार आहे आणि बीडच्या बाजूने त्याची कड एकदम खाली तुटते. बीड शहर कडेच्या पायथ्याशी आणि मांजरसुंबा हे गाव घाट चढून गेल्यावर वर. मधलं अंतर विसेक किलोमीटर. या पठाराच्या उत्तर अंगाचं पाणी बिंदुसरेतून सिंदफणेला आणि तिथून गोदावरीला जातं. दक्षिण अंगाची मांजरा पाटोदा तालुक्यात गौखडीच्या परिसरात उगम पावते आणि फार मोठा वळसा घेऊन शेवटी गोदावरीलाच मिळते. काळ्या बेसॉल्टचे थर एकावर एक बसलेले आहेत. वरचा कठीण थर टिकतो, खालचा मऊ थर झिजतो, आणि ओढ्याच्या जागी पठाराच्या अंगात खोल खाच पडते. कपिलधार अशाच खाचेत आहे. वरून कोसळणारी धार, खाली कुंड, आणि बाजूला सोळाव्या शतकातले वीरशैव संतकवी, ‘परमरहस्य’ या ग्रंथाचे कर्ते मन्मथस्वामी यांचं समाधिस्थान. पाटोदा–जामखेड रस्त्यावरच्या सौताड्यालाही विंचरणा नदी अशीच पठारावरून खाली उडी घेते आणि दरीत रामेश्वराचं मंदिर आहे. अशा जागी जाणारा फाटा मालवाहू ट्रकच्या काही कामाचा नसतो. त्या फाट्यावर भाविक जातात, तिथले गावकरी जातात, दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटरसायकली जातात. बस्स.

या भूगोलातून सायकलवाल्यासाठी एक गोष्ट निघते, ती सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. सह्याद्रीत चढ आधी आणि उतार नंतर, अशी आपल्या पायांना सवय असते. इथे फाटा पठारावरून खाली दरीत उतरतो, म्हणजे मुक्कामाची जागा खाली आणि परतीचा चढ शेवटी. दोन किलोमीटरमध्ये शंभर मीटर उंची चढायची तर तो सरासरी 5 टक्के चढ झाला; सकाळी तो काहीच वाटत नाही, पण उन्हं चढल्यावर, पोटात प्रसादाचं जेवण असताना तोच चढ पाय धरतो. मागचं सर्वांत मोठं चक्र पुढच्या सर्वांत लहान चक्राएवढं असलेली गिअरची सायकल इथे पुरेशी आहे. टायर 32 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असावा, कारण डांबराच्या कडेला मुरूम सुटलेला असतो आणि समोरून जीप आली की सायकलवाल्यालाच कडेला उतरावं लागतं. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नयेत, दाबावेत, सोडावेत, पुन्हा दाबावेत.

आता असा रस्ता ओळखायचा कसा? मोबाईलमधला नकाशा बहुतेक लहान रस्ते एकसारख्याच रेघेने दाखवतो, त्यामुळे तिथे फसगत होते. त्यापेक्षा रस्त्याच्या कडेचा मैलाचा दगड जास्त खरं बोलतो. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्यमार्ग, आणि नारंगी असेल तर ग्रामीण रस्ता. सायकलवाल्याने नारंगी डोक्याच्या मागे लागावं. दुसरी खूण म्हणजे ग्रामसडक योजनेचा फलक. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 2000 साली सुरू झाली, आणि तिच्या रस्त्यांच्या तोंडाशी लावलेल्या फलकावर रस्त्याचं नाव आणि लांबी लिहिलेली असते. नाव ‘मुख्य रस्ता ते अमुक वाडी’ अशा धाटणीचं असेल तर तो रस्ता त्या वाडीसाठी केलेला आहे, पलीकडच्या तालुक्यासाठी नव्हे. लांबी चार-सहा किलोमीटर असेल तर सकाळच्या फेरीला तो अगदी बेताचा आहे. फलक मिटला असेल तर फाट्यावरच्या टपरीवर एकच प्रश्न विचारावा: ‘दादा, हा रस्ता पुढं कुठं निघतो?’ ‘कुठंच न्हाई, वाडीतच संपतो’ असं उत्तर आलं की सायकल वळवावी.

यावर पहिला आक्षेप कोणीही घेईल, आणि तो रास्त आहे. कपिलधारला जायचं तर मांजरसुंबा चुकत नाही, आणि मांजरसुंबा म्हणजे दोन राष्ट्रीय महामार्गांचा चौक. सोलापूर–धुळे हा 52 क्रमांकाचा महामार्ग बीडहून घाट चढून इथूनच चौसाळ्याकडे जातो, आणि जामखेड–पाटोद्याकडून येणारा 548-डी इथे त्याला छेदून नेकनूर, केजकडे निघतो. शांत रस्त्यांच्या तोंडाशी एवढी वर्दळ असेल तर त्या शांततेचा उपयोग काय? उत्तर असं की महामार्गाचा तुकडा सायकलवर काढलाच पाहिजे असा नियम नाही. चारपदरी घाटात जड वाहनांच्या बाजूने चढण्यात कौशल्य फार नाही आणि धोका बराच आहे. सायकली गाडीत किंवा टेम्पोत टाकून मांजरसुंब्यापर्यंत न्याव्यात आणि पठारावर पोहोचल्यावर खाली उतरवाव्यात, यात कमीपणा कसला? ज्यांना बीडहून सायकलनेच यायचं आहे, त्यांनी झुंजुमुंजू झाल्यावर निघावं, अंधारात नव्हे. मागे लाल दिवा चालू ठेवावा आणि घाटात डाव्या कडेची पांढरी रेघ सोडू नये. पठारावर आल्यावर मुख्य रस्ता हे खोड समजावं आणि फाटे या फांद्या. पाटोद्याच्या दिशेने जाताना लिंबागणेशला भालचंद्र गणपतीचं जुनं ठाणं लागतं. आसपासच्या वाड्यांचे फाटे धरून एकेका फांदीवर जाऊन परत खोडावर यायचं. मांजरसुंबा ते पाटोदा पंचवीस-तीस किलोमीटरच्या घरात आहे, पण दोन-तीन फांद्या जोडल्या की दिवसाची फेरी सहज साठ किलोमीटरची होते, आणि त्यातली बरीचशी नारंगी दगडांच्या बाजूने.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे: देवस्थानाचा रस्ता शांत कसा असेल? इथे नकाशाइतकंच पंचांग पाहावं लागतं. कार्तिक पौर्णिमेला कपिलधारची मोठी यात्रा भरते आणि त्याआधीच्या दिवसांत मराठवाड्यातून, सोलापूरकडून, कर्नाटक-तेलंगणातून दिंड्या पायी येतात. तेव्हा रस्ता त्यांचा असतो. त्या दिवसांत सायकलीची फेरी आखू नये, आणि दिंडी समोर आलीच तर उतरून, सायकल हातात धरून कडेने चालावं. श्रावणातले सोमवार आणि धबधबा भरात असतानाचे रविवारही टाळावेत. उरलेल्या दिवसांत, विशेषतः आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी, या रस्त्यावर सायकलच्या साखळीचा आवाज ऐकू येतो. पंचांगाच्या जोडीला गाळपाचा हंगामही बघावा. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबं कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या मधल्या महिन्यांत मोठ्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर असतात. चढावर मागची ट्रॉली डावी-उजवी डुलते, मोळीतून ऊस निसटून खाली पडतो. त्याच्या मागे वारा अडतो म्हणून चिकटून सायकल चालवण्याचा मोह जीवघेणा आहे. ट्रॅक्टर दिसला की थांबावं आणि त्याला पुढे जाऊ द्यावं. ट्रॅक्टर चालवणारा रात्रभर जागा असण्याची शक्यता आहे, एवढं मनात धरावं.

मराठवाड्यात जंगल कुठलं, हा तिसरा प्रश्न, आणि तो बाहेरून येणारे हमखास विचारतात. बालाघाटचं जंगल पानगळीचं, खुरट्या झाडांचं आणि मोकळं आहे. सह्याद्रीच्या मापाने मोजलं तर ते उणंच दिसेल. पण हे कमी पावसाच्या टापूतलं रान आहे आणि त्याची वेळ वेगळी असते. श्रावण-भाद्रपदात डोंगरउतार हिरवेगार होतात आणि कपिलधारची धार चांगल्या पावसानंतर भरात असते. ऑक्टोबरला सीताफळं पिकतात. बालाघाटच्या उतारावर सीताफळ रानोमाळ आहे आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. फाट्यावर पाटीत घेऊन बसलेल्या बाईकडून घ्यावं, झाडावरून ओरबाडू नये. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा बाकी सगळं रान निष्पर्ण असतं. पाटोदा तालुक्यात नायगाव मयूर अभयारण्य आहे. सुमारे 30 चौरस किलोमीटरचं, 1994 साली जाहीर झालेलं. मोर पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतो, इंजिनाच्या आवाजाला बुजतो. सायकलचा खरा फायदा तिथे कळतो. एप्रिल-मे मात्र पूर्ण वगळावा. पारा चाळिशीच्या वर असतो, ओढे कोरडे असतात आणि वाड्यांना स्वतःलाच पाणी टँकरचं. अशा वेळी बाटल्या भरून मागणं योग्य नाही.

वाऱ्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या उगाच नाहीत. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा इथे इतका जोराचा असतो की सपाटीवरही घाट चढल्यासारखं वाटतं. पवनचक्कीचं तोंड ज्या दिशेला, त्या दिशेने वारा येतो. म्हणून पाटोद्याच्या बाजूची, पश्चिमेकडची दौड सकाळी वारा पडलेला असताना काढावी आणि दुपारी तो पाठीशी घेऊन मांजरसुंब्याकडे परतावं.

शेवटचा आक्षेप: असा रस्ता म्हणजे आल्या वाटेने परत जाणं, त्यात नवं काय, आणि अशा एकाकी जागी काही झालं तर? दरीत उतरताना नजर डांबरावर असते. चढताना वेग माणसाच्या चालीचा होतो आणि कड्यातले थर, ओढ्यातली निर्गुडी, वरच्या कडेवर चरणाऱ्या शेळ्या तेव्हाच दिसतात. सुरक्षिततेचं म्हणाल तर परतीची वाट तीच असणं हा मोठा आधार आहे. हापसा कुठे होता, कोणत्या घरासमोर कुत्रं बांधलेलं नव्हतं, मोबाईलला रेंज कुठे गेली, हे सगळं जाताना कळलेलं असतं. एकट्याने जाऊ नये, तीन लिटर पाणी सोबत असावं, आणि दोन ट्यूब. कारण इथला खरा शत्रू वेडी बाभूळ आहे. तिच्या तोडलेल्या फांद्या बांधावरून रस्त्याच्या कडेला येतात आणि तिचा काटा टायरमध्ये शिरून बाहेरून मोडतो, टोक आत राहतं. ट्यूब बदलण्याची घाई न करता टायरच्या आतून एक जुना सुती फडका सगळीकडून हळूहळू फिरवावा. जिथे धागा अडकेल तिथे काटा. तो आतल्या बाजूने चिमट्याने ओढून काढावा, फडका पुन्हा एकदा फिरवावा, आणि मगच नवी ट्यूब घालावी.